करार दोघांचा, किंमत तिसऱ्याची

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात अफगाणिस्तानातील तालिबान राजवटीचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी नवी दिल्लीत आले. भारत सरकारने त्यांचे रीतसर आदरातिथ्य केले. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांच्याशी त्यांची बोलणी झाली आणि काबूलमधील आपल्या तांत्रिक पथकाच्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा देण्यात येईल, असे जाहीर झाले. ज्यांना १९९९ सालचा नाताळ आठवतो, त्यांना ही बातमी वाचताना थोडे चमकल्यासारखे झाले असेल. नाताळच्या आदल्या दिवशी काठमांडूहून दिल्लीला निघालेले आपले विमान पळवून कंदाहारला नेण्यात आले आणि प्रवाशांच्या मोबदल्यात तीन अतिरेकी सोडून द्यावे लागले, तेव्हा त्या विमानतळावर सत्ता याच तालिबानची होती. पुढे २००८ साली काबूलमधील आपल्या दूतावासावर बॉम्बहल्ला झाला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले, तेव्हा आपण आपली माणसे परत आणून दूतावास बंद केला. मग आता हे सख्य कसे?

उत्तर अवघड नाही. ज्या पाकिस्तानने तालिबानला वाढविले, त्याच पाकिस्तानशी आज त्यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य आहे. चीनने काबूलमध्ये आपले पाय घट्ट रोवले आहेत. रशियाने २०२५ च्या जुलैमध्ये तालिबान सरकारला अधिकृत मान्यता दिली. अशा वेळी भारताने दार बंद ठेवून बसावे, असे कोणताही जबाबदार मुत्सद्दी सांगणार नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपल्या पूर्वजांनी राजकारण पाहूनच रचली असावी.

तथापि या भेटीतील एक लहानशी घटना आमच्या मनातून जात नाही. दि. १० ऑक्टोबर रोजी दिल्लीतील अफगाण दूतावासात मुत्तकी यांनी पत्रकार परिषद घेतली. तिला एकाही महिला पत्रकाराला बोलावण्यात आले नाही. भारताच्या राजधानीत, ज्या देशाची राज्यघटना स्त्री-पुरुष समानतेची हमी देते त्या देशाच्या भूमीवर, हे घडले. दोन सरकारे हातात हात घेत होती आणि दाराबाहेर कोणीतरी तिसरे उभे होते.

परस्परांचा द्वेष करणारी दोन राष्ट्रे गरजेपोटी एकत्र येतात, तेव्हा वृत्तपत्रे त्या दोघांचीच छायाचित्रे छापतात. चर्चाही होते ती कोणी कोणाला फसविले, कोणाचा किती लाभ झाला, याची. आमच्या मते अशा करारांचे मोजमाप वेगळ्या ठिकाणी झाले पाहिजे. जो बोलण्यात सहभागी नव्हता, ज्याला विचारले गेले नाही, त्याच्या नावे त्या कागदावर काय लिहिले गेले, हे पाहिले पाहिजे. हा विचार पारखून घेण्यासाठी आपण थोडे मागे, १९७१ सालात जाऊ. त्या वर्षी भारतीय उपखंडाला या प्रकारच्या मुत्सद्देगिरीचा जो अनुभव आला, तसा क्वचितच कोणाला आला असेल.

किसिंजर यांचे पोट दुखते

रिचर्ड निक्सन यांची सारी राजकीय कारकीर्द कम्युनिस्टविरोधावर उभी राहिली होती. साम्यवादी चीनला अमेरिकेने मान्यताही दिलेली नव्हती. १९५४ साली जिनिव्हा येथे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांच्याशी हस्तांदोलन करण्याचे नाकारले, असे सांगितले जाते. त्या देशाशी बोलणी सुरू करणारा राष्ट्राध्यक्ष निक्सन असेल, असे भाकीत १९६० साली कोणी केले असते तर त्याला वेड्यात काढले गेले असते.

परंतु १९६९ च्या मार्चमध्ये उसुरी नदीतील एका बेटावर चिनी आणि सोव्हिएत सैनिकांची चकमक झाली. दोन साम्यवादी महासत्ता एकमेकींवर बंदुका रोखून उभ्या राहिल्या. माओ त्से तुंग यांना उत्तरेकडून आक्रमणाची भीती वाटू लागली, तर निक्सन यांना व्हिएतनाममधून सन्मानाने बाहेर पडायचे होते आणि मॉस्कोवर दडपण आणायचे होते. दोघांची गरज जुळली. प्रश्न उरला तो निरोप्याचा. रुमानियाचे चाउसेस्कू यांच्यामार्फत एक वाट होती. दुसरी वाट पाकिस्तानचे लष्करी अध्यक्ष जनरल याह्याखान यांची. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये निक्सन यांनी याह्याखान यांच्यावर हे काम सोपविले आणि ते त्यांनी चोख बजावले.

आता तारखा जरा लक्षपूर्वक पाहाव्यात. दि. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाका शहरावर हल्ला चढविला. विद्यापीठातील प्राध्यापक आणि विद्यार्थी मारले गेले, हिंदू वस्त्यांना वेचून लक्ष्य करण्यात आले. दि. ६ एप्रिल रोजी ढाक्यातील अमेरिकन कौन्सल जनरल आर्चर ब्लड यांच्या कचेरीतून वॉशिंग्टनला एक तार गेली. वीस अमेरिकन अधिकाऱ्यांनी तिच्यावर सह्या केल्या होत्या. आपले सरकार लोकशाहीच्या दडपणुकीचा निषेध करण्यात अपयशी ठरले आहे, ही नैतिक दिवाळखोरी आहे, असा त्या तारेचा आशय होता. सरकारी नोकरांनी आपल्याच सरकारला अशा भाषेत लिहिणे ही सामान्य गोष्ट नव्हे. याच आठवड्यात, दि. १० एप्रिल रोजी, अमेरिकेचा टेबल टेनिस संघ चीनमध्ये दाखल झाला आणि जगभर पिंगपाँग मुत्सद्देगिरीचे कौतुक सुरू झाले. ब्लड यांची ढाक्याहून बदली करण्यात आली. एप्रिलच्या अखेरीस निक्सन यांनी एका टिपणावर स्वहस्ते शेरा मारला, की याह्याखान यांच्यावर या वेळी दडपण आणू नये. त्यातील नकारार्थी शब्दाखाली त्यांनी तीन रेघा ओढल्या होत्या.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात निक्सन यांचे सल्लागार हेन्री किसिंजर दिल्लीत होते. सीमेपलीकडून लोटणाऱ्या निर्वासितांची कहाणी त्यांना येथे ऐकविण्यात आली. दिल्लीहून ते पाकिस्तानात गेले आणि तेथे त्यांचे पोट बिघडले, अशी बातमी पसरविण्यात आली. साहेब नथियागलीच्या थंड हवेत विश्रांती घेत आहेत, असे पत्रकारांना सांगितले गेले. प्रत्यक्षात दि. ९ जुलैच्या पहाटे पाकिस्तानी विमान कंपनीच्या विमानाने ते पेकिंगला रवाना झाले होते. दि. १५ जुलै रोजी निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून आपल्या नियोजित चीनभेटीची घोषणा केली, तेव्हा जग थक्क झाले. अनेकांनी तर सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यात चूक काही नव्हते.

निर्वासितांची संख्या मात्र वाढतच गेली. वर्षअखेर ती सुमारे एक कोटीच्या घरात पोहोचली. आमच्या वाचकांपैकी जे ज्येष्ठ आहेत, त्यांना त्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर चिकटवावे लागणारे पाच पैशांचे निर्वासित साहाय्याचे जादा तिकीट आठवत असेल. वसईहून कोल्हापूरला गेलेल्या साध्या पत्रानेही त्या एक कोटी माणसांचा थोडा भार उचलला. पेकिंग आणि वॉशिंग्टन यांच्या मैत्रीचा खर्च असा पोस्टाच्या खिडकीवरही वसूल होत होता.

ख्रिस्तसभेनेही त्या भूमीत रक्त सांडले. दि. ४ एप्रिल, झावळ्यांचा रविवार. जेसोर येथे इटालियन मिशनरी फादर मारिओ वेरोनेसी यांना सैनिकांनी गोळ्या घातल्या. त्याच महिन्यात दिनाजपूर भागात संताळ समाजातील फादर लुकास मरांडी यांची हत्या झाली. नोव्हेंबरमध्ये होली क्रॉस संघाचे फादर विल्यम इव्हान्स मारले गेले. फादर इव्हान्स हे अमेरिकन नागरिक होते. ज्या सरकारच्या पारपत्रावर ते बंगालमध्ये सेवा करीत होते, तेच सरकार त्यांच्या मारेकऱ्यांच्या सेनापतीला सांभाळून घेत होते. मृतांची एकूण संख्या किती, याविषयी इतिहासकारांत आजही तीव्र मतभेद आहेत. बांगलादेश सरकार तीस लाखांचा आकडा देते, तर काही अभ्यासक त्याहून पुष्कळ कमी मानतात. लहानातला लहान आकडा घेतला तरी तो मान खाली घालायला लावणारा आहे.

येथे एक मुद्दा फारसा कोणी मांडत नाही. याह्याखान यांना सांभाळावे लागले, कारण चीनशी बोलण्याची तीच एक वाट होती, असे समर्थन पुढे किसिंजर यांनी केले. हे समर्थन जुलैपर्यंत, तेही ओढूनताणून, चालेल. कारण किसिंजर पेकिंगहून परतताच पॅरिसमधील दोन्ही देशांच्या प्रतिनिधींमार्फत थेट संपर्क सुरू झाला होता. निरोप्याची गरज संपली होती. तरीही ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे महिने गेले आणि धोरण तसूभर हलले नाही. उलट डिसेंबरमध्ये युद्ध पेटल्यावर एंटरप्राइज ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडण्यात आली, आणि भारताच्या सीमेवर सैन्याची हालचाल करावी, असे किसिंजर यांनी न्यूयॉर्कमध्ये चिनी प्रतिनिधींना सुचविले. चीनने सुदैवाने तसे केले नाही. गरजेपोटी केलेली मैत्री गरज सरल्यावर आपोआप सुटत नाही. ती सवय होऊन बसते. नव्या मित्राला आपण विश्वासू वाटलो पाहिजे, म्हणून जुन्या मित्राचे पाप झाकले जाते.

भारतानेही त्या वर्षी आपली सोय पाहिलीच. अलिप्ततेचा पुरस्कार करणाऱ्या, संसदीय लोकशाही मानणाऱ्या भारताने दि. ९ ऑगस्ट १९७१ रोजी सोव्हिएत संघाशी वीस वर्षांचा मैत्री करार केला. सरदार स्वर्णसिंग आणि आंद्रेई ग्रोमिको यांनी त्यावर सह्या केल्या. डिसेंबरमध्ये सुरक्षा समितीत सोव्हिएत नकाराधिकारच आपल्या कामी आला. तो करार नसता तर बांगलादेशाचा जन्म इतक्या लवकर झाला असता का, याची आम्हाला शंका आहे. म्हणून आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. पण त्याचेही देणे पुढे चुकवावे लागले. १९७९ च्या डिसेंबरअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. १९८० च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत त्या फौजा परत घ्याव्यात असा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. अफगाण सरकारच्या विनंतीवरूनच त्या आल्या, असे सोव्हिएत म्हणणे आपल्या प्रतिनिधीने तेथे मांडले. बंगालसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता अफगाणांच्या खिशातून गेला, हे कटू असले तरी खरे आहे.

आणि चीन? दि. २५ ऑगस्ट १९७२ रोजी त्याने राष्ट्रसंघात आपला पहिलावहिला नकाराधिकार वापरला, तो बांगलादेशाला सभासदत्व मिळू नये म्हणून.

शांघायचे बिशप कोठे होते?

१९७२ च्या फेब्रुवारीत निक्सन पेकिंगला उतरले आणि विमानाच्या शिडीवरून खाली येताच त्यांनी चौ एन लाय यांच्यासमोर हात पुढे केला. आठवडाभराच्या त्या दौऱ्याची अखेर शांघाय येथील संयुक्त पत्रकाने झाली. तैवान हा चीनचा भाग आहे, अशी दोन्ही बाजूंच्या चिनी लोकांची भूमिका असल्याची नोंद अमेरिकेने त्यात घेतली. तैवानच्या जनतेला कोणी विचारले नव्हते. त्याआधीच, १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये, राष्ट्रसंघातील त्यांची जागा पेकिंगला मिळाली होती, आणि मतदानाच्या दिवसांत किसिंजर पेकिंगमध्येच दुसऱ्यांदा पाहुणचार घेत होते.

ज्या शहराचे नाव त्या पत्रकाला मिळाले, त्या शहराच्या धर्मप्रांताचे अधिकृत बिशप इग्नेशियस कुंग पिन मेई त्या वेळी तुरुंगात होते. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांना अटक झाली होती आणि १९६० साली जन्मठेप सुनावली गेली होती. पोपमहाशयांशी असलेले नाते तोडण्यास नकार देणे, हा त्यांचा खरा अपराध. त्यांच्या पाठोपाठ शिक्षा झालेले अमेरिकन मेरीनॉल बिशप जेम्स वॉल्श यांना १९७० च्या जुलैमध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, मुक्त करण्यात आले. ते अमेरिकन होते आणि चीनला अमेरिकेशी संबंध सुधारायचे होते. बिशप कुंग चिनी होते, म्हणून त्यांची मुक्तता कोणाच्याच हिशेबात बसत नव्हती. ते १९८५ पर्यंत बंदिवासात राहिले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली त्यांना कार्डिनल केले, परंतु ते नाव १९९१ पर्यंत मनातच ठेवावे लागले.

मोठ्या राष्ट्रांना बोल लावणे सोपे आहे. ख्रिस्तसभेच्या मुत्सद्देगिरीलाही हाच नियम लावला पाहिजे, नाही तर आमचे हे लिखाण ढोंगीपणाचे ठरेल. त्याच १९७१ सालच्या सप्टेंबरात हंगेरीचे कार्डिनल योझेफ मिंडझेंटी यांनी बुडापेस्टमधील अमेरिकन वकिलात सोडली. कम्युनिस्टांनी १९४९ साली त्यांना जन्मठेप दिली होती. १९५६ चा उठाव चिरडला गेला, तेव्हापासून पंधरा वर्षे ते त्या वकिलातीत आश्रयाला होते. अमेरिकेला, हंगेरी सरकारला आणि व्हॅटिकनलाही ते तेथे असणे अडचणीचे झाले होते. त्यांनी पद सोडावे ही विनंती त्यांनी मानली नाही, तेव्हा १९७३ च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे यांनी एस्टरगोमचे पीठ रिक्त ठरविले. हंगेरीतील रिकाम्या धर्मप्रांतांना बिशप मिळावेत, संस्कार चालू राहावेत, ही पोपमहाशयांची कळकळ खरी होती. त्या वृद्ध कार्डिनलांच्या काळजाला झालेली जखमही खरी होती. १९७५ साली व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले.

मात्र त्याच १९७५ साली, त्याच व्हॅटिकन मुत्सद्द्यांच्या हातून एक वेगळी गोष्टही घडली. हेलसिंकी येथे युरोपातील जवळजवळ सर्व देश, अमेरिका आणि कॅनडा मिळून ३५ राष्ट्रांनी एका दस्तऐवजावर सह्या केल्या. सोव्हिएत संघाला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सीमांवर शिक्कामोर्तब हवे होते, पश्चिमेला तणाव कमी करायचा होता. म्हणजे सौदा नेहमीचाच. व्हॅटिकन या परिषदेत पूर्ण सभासद म्हणून सहभागी झाले होते आणि आर्चबिशप अगोस्तिनो कासारोली यांनी त्याच्या वतीने सही केली. त्या दस्तऐवजाच्या सातव्या तत्त्वात विचार, सद्सद्विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याचा उल्लेख आला. तो यावा यासाठी व्हॅटिकनच्या प्रतिनिधींनी चिकाटीने प्रयत्न केले होते.

अनेकांनी तेव्हा त्याची खिल्ली उडविली. ब्रेझनेव्ह धर्मस्वातंत्र्य पाळणार म्हणजे काय! त्यांनी ते पाळलेही नाही. पण कागद छापला गेला होता, सोव्हिएत वृत्तपत्रांनीही तो छापला होता. पुढल्याच वर्षी मॉस्कोत काही नागरिकांनी हेलसिंकी कराराच्या पालनावर देखरेख ठेवणारा गट स्थापन केला. लिथुआनियातील अशाच गटात एक येशूसंघीय धर्मगुरू होते. १९७७ च्या जानेवारीत प्रागमध्ये चार्टर ७७ निघाले आणि त्याच्या कर्त्यांनी आपल्याच सरकारला त्याच्याच सहीची आठवण करून दिली. त्यांतील अनेक जण तुरुंगात गेले. फरक एवढाच, की ढाक्याच्या लोकांना दाखवायला कोणताही कागद नव्हता, यांच्याजवळ तो होता.

गुप्त राहिलेला कागद

दि. २२ सप्टेंबर २०१८ रोजी व्हॅटिकन आणि चीन यांच्यात बिशपांच्या नेमणुकीविषयी तात्पुरता करार झाला. जगातील सर्वांत मोठे साम्यवादी राष्ट्र आणि ख्रिस्तसभा यांची ही तडजोड तितकीच अनपेक्षित होती. २०२० आणि २०२२ मध्ये ती दोन दोन वर्षांसाठी वाढविण्यात आली, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये चार वर्षांसाठी. तिचा मजकूर आजतागायत प्रसिद्ध झालेला नाही.

कराराचे समर्थक म्हणतात की अनेक दशकांनंतर चीनमधील सर्व बिशप पोपमहाशयांशी ऐक्यात आले. हा लाभ लहान नाही. फाटाफुटीत जगणाऱ्या भाविकांना, हा मिस्सा वैध की तो, असा प्रश्न दर रविवारी पडत असेल तर त्यांचे दुःख आपण येथे सुखाने बसून समजू शकत नाही. दुसरीकडे हाँगकाँगचे वयोवृद्ध कार्डिनल जोसेफ झेन सुरुवातीपासून म्हणत आले आहेत, की ज्यांनी निष्ठेपायी तुरुंग भोगला त्यांना यात वाऱ्यावर सोडले गेले. मिंडोंगचे बिशप व्हिन्सेंट ग्वो शिजिन यांचेच पाहा. रोमच्या विनंतीवरून त्यांनी मुख्य बिशपपद सोडून दुय्यम स्थान स्वीकारले, ज्यांना पूर्वी पोपमहाशयांची मान्यता नव्हती त्यांच्या हाताखाली, आणि २०२० साली तेही सोडून प्रार्थनामय जीवन पत्करले. त्यांच्या आज्ञाधारकपणापुढे आम्ही नतमस्तक आहोत.

पुन्हा शांघाय येथे येऊ. २०१२ साली तेथे साहाय्यक बिशप म्हणून अभिषिक्त झालेल्या थॅडियस मा दाचिन यांनी अभिषेकाच्याच दिवशी आपण सरकारपुरस्कृत देशभक्त संघटनेतून बाहेर पडत असल्याचे सूचित केले आणि त्यांच्यावर निर्बंध लादण्यात आले. २०२३ च्या एप्रिलमध्ये चिनी अधिकाऱ्यांनी दुसऱ्या धर्मप्रांतातील बिशप जोसेफ शेन बिन यांना व्हॅटिकनच्या संमतीवाचून शांघाय येथे बसविले. तीन महिन्यांनी पोप फ्रान्सिस यांनी त्या बदलीला मान्यता दिली. कार्डिनल पिएत्रो पारोलिन यांनी त्या वेळी आपली नापसंती लपविली नाही, परंतु भाविकांचे हित पाहून हा निर्णय घेतल्याचे सांगितले.

आम्ही या कराराच्या विरोधात नाही. बोलणे बंद होते तेव्हा बिशप कुंग तीस वर्षे बंदिवासात होते, हे विसरून चालणार नाही. परंतु हेलसिंकीचा धडा एका दृष्टीने येथे लागू पडत नाही, याची खंत वाटते. मा दाचिन यांना किंवा त्यांच्या भाविकांना अधिकाऱ्यांसमोर उघडून दाखविता येईल, असा कागद त्यांच्या हाती नाही. मजकूर गुप्त असेल, तर त्याचा भंग झाला हे सांगण्याचा अधिकारही सही करणाऱ्या दोघांपुरताच उरतो.

काबूलच्या दूतावासात

या पार्श्वभूमीवर भारताच्या अफगाण धोरणाकडे पाहावे. तालिबानशी बोलूच नये, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. तामिळनाडूचे येशूसंघीय फादर अलेक्सिस प्रेमकुमार हे निर्वासितांसाठी कार्य करीत असताना २०१४ च्या जूनमध्ये हेरातजवळ त्यांचे अपहरण झाले. एका शाळेला भेट देण्यासाठी ते गेले होते. आठ महिन्यांहून अधिक काळ ते शस्त्रधाऱ्यांच्या ताब्यात होते आणि २०१५ च्या फेब्रुवारीत सुखरूप परतले. त्यांच्या सुटकेची बातमी पंतप्रधानांनीच देशाला दिली. अशी सुटका केवळ सज्जनांशी बोलून होत नसते.

पण ज्या देशात शाळेसाठी एका भारतीय धर्मगुरूने जीव धोक्यात घातला, त्या देशात सहावीनंतर मुलींना शाळेत जाण्याची बंदी आहे. २०२२ च्या डिसेंबरपासून विद्यापीठेही त्यांना बंद झाली. २०२५ च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला अखुंदजादा आणि मुख्य न्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्याविरुद्ध, मुली व स्त्रिया यांच्या छळाबद्दल, अटकेची वॉरंटे काढली. १९८० साली आपण अफगाणांच्या बाबतीत एकदा तटस्थ राहिलो आहोत. या वेळी तिसरा कोण आहे, हे शोधावे लागत नाही.

भारताच्या हातात देण्यासारखे पुष्कळ आहे. औषधे, गहू, व्यापाराची वाट, आणि तालिबानला सर्वांत हवी असलेली वस्तू म्हणजे प्रतिष्ठा. २०२१ पूर्वी शेकडो अफगाण तरुण-तरुणी आपल्या विद्यापीठांत शिकत होते, पुणे हे त्यांचे आवडते शहर होते. काबूल पडल्यावर आपण अफगाणांना दिलेले सर्व व्हिसा रद्द केले आणि सुटीसाठी घरी गेलेल्या अनेक विद्यार्थिनी तेथेच अडकल्या. दूतावास पूर्ण क्षमतेने चालू व्हायचाच असेल तर मुलींना विद्यार्थी म्हणून भारतात येऊ देण्याची अट बोलण्याच्या पहिल्याच पानावर असावी, आणि ते पान सर्वांना वाचता यावे. तालिबान ती अट मानणार नाहीत, असे म्हटले जाईल. ब्रेझनेव्हही मानणार नव्हते.

आणि ते अगदीच हटवादी आहेत, असेही नाही. दि. १० ऑक्टोबरच्या त्या पत्रकार परिषदेनंतर दिल्लीत मोठा गहजब झाला. पत्रकारांच्या संघटनांनी निषेध केला, विरोधी पक्षांनी सरकारला जाब विचारला. दि. १२ रोजी मुत्तकी यांनी त्याच दूतावासात दुसरी पत्रकार परिषद बोलाविली. या वेळी महिला पत्रकारांना निमंत्रण होते. त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि अफगाण मुलींच्या शाळांविषयी त्यांनी मंत्र्यांना समोरासमोर प्रश्न विचारले.